हवालदाराच्या हातचा चहा

लोकांसमोर मी त्याला 'सर' म्हणतो, अहोजाहो करतो. इथं मात्र 'तो' म्हणणार आहे. लिहिणं माझं आहे, आणि आता त्याला अहोजाहो करायला माझी जीभ वळत नाही.

सोनपेठला आम्ही एकाच शाळेत मास्तर होतो. तो मराठीचा, मी गणिताचा. तो निवृत्त झाला, मला अजून नोकरी आहे. निवृत्तीच्या आधीपासूनच तो पुस्तकं लिहितो आणि ती बऱ्यापैकी खपतात. जादूची आणि गुन्ह्याची अशी दुहेरी पुस्तकं. नदीकाठी तटबंदीचं एक शहर आहे, तिथं भुतं भाड्यानं घर घेऊन राहतात, चेटूक करायला परवाना लागतो, आणि तिथले खून तिथला एक फौजदार शोधून काढतो. फौजदाराच्या तळहातात विद्या आहे. एखाद्या वस्तूला त्यानं उघडा तळहात लावला, की ती वस्तू शेवटी ज्याच्या हातात होती त्याचं सगळं काही त्याला कळतं. नुसतं नाव नाही. त्या माणसानं सकाळी काय खाल्लं, तो कुणाला भितो, काल कशासाठी रडला, कुणाचा गळा दाबला, सगळं. गुन्हेगार बिचारे दाराच्या कडीला हात लावून फसतात.

या फौजदाराचा एक हवालदार आहे. तो घोडागाडी हाकतो, वाटा लक्षात ठेवतो, वेळेला मार खातो आणि अधूनमधून एखादं तिरकस वाक्य बोलतो. हा हवालदार माझ्यावरून घेतलेला आहे. हे मी म्हणत नाही, तोच प्रत्येक कार्यक्रमात माइकवरून सांगतो. पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्याकडं बोट करतो आणि म्हणतो, "हा बघा माझा हवालदार." लोक टाळ्या वाजवतात. मी अर्धा उठून हात जोडतो.

घोडागाडी सोडली तर बाकी जुळतंच. त्याचं हस्ताक्षर मलाच लागतं, म्हणून टायपिंग माझ्याकडं. मुद्रितं मी तपासतो. कार्यक्रमाला न्यायला गाडी माझी आणि चालवणारा मीच. कुठल्या भागात कोणता खुनी डावखुरा होता हे तो विसरतो, मला पाठ असतं.

प्रत्येक पुस्तकाची सुरुवात एकाच प्रसंगानं होते. दिवस उगवायला हवालदार चहा करतो आणि पितळी पेला फौजदाराच्या हातात देतो. मग दोघं तटावर उभं राहून चहा पितात आणि खाली कुठंतरी कुणीतरी मेलेलं सापडतं. वाचकांना खुनापेक्षा तो चहा आवडतो. त्याला पत्रं येतात ती चहाबद्दल. मलासुद्धा तो प्रसंग आवडायचा, हे आता लिहायला तोंड कडू होतं.

तर, सेलू तालुक्यातल्या एका गावी वाचनालयानं त्याला बोलावलं होतं. शाल झाली, नारळ झाला, हवालदाराकडं बोट करून झालं. मग प्रश्न. कॉलेजात शिकणारी एक मुलगी उठली. तिनं सगळे भाग वाचलेले दिसत होते. ती म्हणाली, "सर, फौजदारानं उघडा हात लावला की त्याला सगळं कळतं ना? मग हवालदार रोज त्याला पेला देतोय. पेल्याला शेवटचा हात हवालदाराचाच. म्हंजे रोज सकाळी फौजदाराला हवालदाराचं सगळं कळत असंल. तर मग तो त्याला कधी कायच कसं इचारीत न्हाई? हवालदाराला घर हाय का, माय हाय का, हे आमाला बी आजपातूर माहीत न्हाई. फौजदाराला किती माहीत हाय त्याच्याबद्दल?"

हॉल हसला. मीही हसलो. मग मला वाटलं, अरे, खरंच की. इतके भाग मी टाइप केले, ओळ न् ओळ दोनदा वाचली, गणिताचा मास्तर म्हणवतो, आणि हे माझ्या ध्यानात आलं नाही. फौजदाराला सगळं कळत असेल, तर तो रोज ते गिळून गप्प बसतो. आणि कळत नसेल, तर त्याची विद्या खोटी. तिसरी वाट नाही.

तो खाकरला. रुमालानं मान पुसली आणि म्हणाला, "फार सुंदर प्रश्न. काही जागा लेखकानं वाचकांसाठी मोकळ्या सोडायच्या असतात." पुन्हा टाळ्या. मुलगी बसली, पण तिचं तोंड पटल्यासारखं दिसत नव्हतं.

परत येताना देवगाव फाट्यावर गाडी थांबवली. त्याला भजी पाहिजे होती. त्याचं खाणं बघणं हा एक वेगळाच प्रकार आहे. तोंड उघडं ठेवून चावतो, मिरचीचं देठ ताटात थुंकतो, आणि हात धुवायला उठायचं नको म्हणून खिशातला रुमाल काढून बोटं पुसतो. तोच रुमाल मानेला, तोच नाकाला. घडी मात्र परत जशीच्या तशी घालतो.

"पोरगी लय शानी," तो म्हणाला. "मास्तरणीचं बेणं असंल एखादं."

मी म्हणालो, "पण सर, प्रश्न बरोबर हाय तिचा. काय माहीत हाय त्याला?"

"कुनाला?"

"फौजदाराला. हवालदाराबद्दल."

"अरे, त्याला काय करायचंय माहीत करून? इस्वासू हाय, सांगंल ते करायलाय, बास झालं की."

"त्याचं गाव?"

"असंल एखादं."

"लगीन झालंय का त्याचं?"

"आता तू कशाला डोकं खायलास लेका? खा भजी."

मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, "सर, माझं गाव कोणतं?"

तो हसला. चावता चावताच म्हणाला, "तुझं? इथलंच की सोनपेठचं. का रे?"

माझं गाव राणीसावरगाव. नोकरीला लागलो तेव्हा सोनपेठला आलो. राणीसावरगावच्या जत्रेच्या गोष्टी मी त्याला कितीदा सांगितल्यात, आणि त्यातल्या दोन त्यानं पुस्तकात घातल्यासुद्धा आहेत. गोष्टी घेतल्या, गाव सांडलं.

पुढं रस्ताभर तो झोपला. मी गाडी चालवत होतो आणि डोक्यात ती मुलगी बसलेली होती. मला त्याचं काय माहीत नाही? त्याला कोणत्या गोळ्या चालू आहेत, त्या कधी घ्यायच्या, हे त्याच्या बायकोआधी मला माहीत. भावाशी बांधावरून भांडण कधी लागलं आणि त्यात तो कुठं खोटा आहे तेही. सूनबाई माहेरी का जाऊन बसली होती ते त्यानं रडत रडत मलाच सांगितलं, याच गाडीत. उजव्या बाजूची दाढ दुखते म्हणून तो भजी डाव्या बाजूनं चावतो. आणि त्याला माझं गाव माहीत नाही.

मग एक जुनी गोष्ट वर आली. माझी आई वारली तेव्हा तो आला नाही. लग्नसराई होती, त्याच्या घरात कार्य होतं, मी समजून घेतलं. त्यानं मोबाइलवर संदेश पाठवला होता. 'ईश्वर तुझ्या वडिलांच्या आत्म्यास सद्गती देवो.' वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. आम्ही बौद्ध, आमच्या घरात ईश्वर नाही आणि आत्माही नाही. मराठीच्या मास्तरानं एका ओळीत इतकं चुकवावं! तेव्हा दुःखात मी ते पोटात घातलं. हात जोडलेलं चित्र उलट पाठवलं. त्या दिवशी गाडी चालवताना मात्र ती ओळ शब्दाशब्दानं परत आठवली.

आणि सोनपेठ जवळ आल्यावर आणखी एक ध्यानात आलं. त्या दिवशी गुरुवार होता.

हे सांगायला पाहिजे. टायपिंगमुळं तो माझ्या घरी नेहमी येतो. येतो, पंख्याखाली बसतो, कागद देतो, वाचून दाखवतो. आणि त्याला नेहमी उपवास असतो. सोमवारी महादेवाचा, मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा. यातलं काही नसेल तर चतुर्थी, एकादशी, प्रदोष. तेही नसेल तर पोटात गॅस. माझी बायको चहा ठेवते, तो पेल्याकडं बघून हात जोडतो आणि म्हणतो, "वहिनी, आज न्हाई हो." चहा गार होतो, त्याच्यावर साय धरते, तो गेल्यावर ती मोरीत ओतते.

एकदा बायकोनं मुद्दाम भगर केली, शेंगदाण्याची आमटी केली. दोन्ही उपवासाला चालतात. ताट समोर आल्यावर त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मग तो म्हणाला, "वहिनी, आज निरंकार हाय. पानी बी चालत न्हाई." ताट आत गेलं. तेव्हा बायको मला म्हणाली, "तुमच्या सरचे सगळे देव आपल्याच दारात जागे व्हतेत."

मी तिच्यावर चिडलो होतो. म्हणालो, म्हातारं माणूस आहे, भाविक आहे, उगं काहीही काढू नको. ती ताटं घासत राहिली, जरा जास्तच आवाज करत.

आणि आता देवगाव फाट्यावर, दत्ताच्या गुरुवारी, कांद्याच्या भज्याच्या दोन प्लेटी. वर कडक गोड चहा, हॉटेलवाल्याच्या हातचा. माझ्या शेजारी बसून. लपवायचं असतं हेसुद्धा त्याला वाटलं नाही, कारण मी मोजीन असं त्याच्या मनातच कधी आलं नसावं.

मला शिसारी आली. भेदभाव मला नवा नाही. शिव्या देणारे बघितलेत, दारातूनच परत पाठवणारे बघितलेत, त्यांच्याशी काय करायचं ते ठाऊक असतं. पण हा माणूस इतकी वर्षं माझ्या खुर्चीत बसून, माझ्याशी हसत, माझ्या गोष्टी घेत, देवांची नावं पुढं करत होता. ज्या दिवशी मी शाळेत रुजू झालो त्या दिवशी त्यानं माझं आडनाव विचारलं होतं. माझ्याबद्दल त्यानं आपणहून विचारलेलं तेवढंच. बाकी काही विचारायची गरजच त्याला पडली नाही.

तरी मी लगेच तोडलं नाही. बायकोला भज्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, उशिरा का व्हईना दिसलं." मी म्हणालो, एकदा बघू. मला बघायचं होतं तो त्या मुलीच्या प्रश्नाचं काय करतो. शेवटचा भाग लिहायचं चालू होतं. हवालदाराला निदान एखादं गाव मिळेल, आई मिळेल, असं वाटत होतं. वेडी आशाच होती, पण होती. कागदावर का होईना, फौजदारानं एकदा त्याला 'तुझं कसं चाललंय' असं विचारलं असतं तरी मी समजलो असतो की माणसाला आतून कळलं आहे, तोंडानं बोलता येत नाही इतकंच. तेवढ्यावर मी भजीसुद्धा विसरलो असतो. माझं मला माहीत आहे, मी तेवढ्यावर विसरलो असतो.

तो पुढच्या आठवड्यात आला. बुधवारी. चपला काढता काढताच म्हणाला, "सापडलं! त्या पोरीचं तोंड बंद! असं भोक बुजवलंय ना, तू बघच." चेहरा नुसता फुलला होता. पंख्याखाली बसला, चष्मा लावला, कागद सरळ केले. बायकोनं स्टीलच्या पेल्यात चहा आणून त्याच्यासमोर ठेवला आणि आत न जाता दाराला टेकून उभी राहिली.

तो वाचायला लागला. तेच शहर, तोच तट, तोच हवालदार पेला घेऊन उभा. आणि मग:

'फौजदाराने खिशातून रुमाल काढला. पेल्याभोवती तो नीट गुंडाळला आणि मगच पेला हातात घेतला. हवालदाराने नजर खाली वळवली. त्याला कारण ठाऊक होते. इतक्या वर्षांत फौजदाराने त्याच्या हातच्या कोणत्याही वस्तूला उघड्या हाताने स्पर्श केला नव्हता. ज्याच्यावर आपला विश्वास आहे, त्याच्या मनात डोकावू नये, हा त्याचा धर्म होता. हवालदाराचे डोळे कृतज्ञतेने भरून आले.'

त्यानं चष्मा वर केला. "आता बोल! भोक बुजलं का न्हाई? आन् नुसतं बुजलं न्हाई, वर माया बी दिसली दोघाची."



"आन् मजा काय हाय," तो पुढं म्हणाला, "मागचे भाग बदलायची बी गरज न्हाई. पयल्या भागापासूनच तो रुमालानं धरायचा. आपुन फकस्त लिवलं न्हवतं."

मी बायकोकडं बघितलं. तिनं पदर तोंडाशी धरला होता. हसत होती की काय ते कळलं नाही.

मला त्याची किळस आली, खरीखुरी, अंगावर काही सांडावं तशी. त्यानं हे मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं. मुद्दाम करणाऱ्याला निदान ठाऊक असतं. हा तर मनापासून खूश होता. सबंध त्रिलोकातून उत्तर शोधायला गेला आणि त्याच्या हाताला तेवढं एकच लागलं. फौजदार हवालदाराच्या हातच्या वस्तूला शिवत नाही. आणि हवालदाराचे डोळे कृतज्ञतेनं भरतात, हे वर!

"कसं वाटलं?" त्यानं विचारलं. "गप का रे?"

मी म्हणालो, "चहा घ्या सर."

"अरे, आज..."

"आज बुधवार हाय."

तो थांबला. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं हात केला. चतुर्थी नव्हती, एकादशी नव्हती, प्रदोष नव्हता. "पोटात गॅस असंल तर देवगाव फाट्यावर सुदीक झाला असता की," मी म्हणालो. "गुरुवारी. भजी खाऊन."

त्याच्या कपाळावर घाम दिसायला लागला. मला दया आली नाही. येईल असं वाटलं होतं, पण आली नाही.

"तू बी काय लेका," तो म्हणाला आणि हसण्याचा प्रयत्न केला. "घेतो की. त्यात काय हाय? तुझ्या घरचा चहा मला काय जड हाय का?"

त्यानं हात पुढं केला. हात पेल्यापर्यंत गेला आणि बोटभर अलीकडं थांबला. मग तोच हात मागं गेला, खिशात गेला आणि रुमाल घेऊन बाहेर आला. भज्याचे तेलकट डाग धुऊनही गेले नव्हते. त्यानं तो रुमाल पेल्याभोवती गुंडाळला, अगदी नीट, आत्ताच वाचून दाखवला तसा, आणि पेला उचलला.

"लय गरम हाय," तो म्हणाला.

दारात उभी असलेली बायको बोलली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पाहुण्यांशी बोलताना असतो तसा.

"न्हाई हो सर. तुमी वाचायलता तवाच गार झालाय."

त्यानं पेल्यात बघितलं. साय धरली होती. हातातला रुमाल त्यानं तरीही सोडला नाही. मी टेबलावरचे त्याचे कागद गोळा केले आणि त्याच्या दुसऱ्या, मोकळ्या हातात दिले. माझा हात त्याच्या बोटांना लागला, तेव्हा त्यानं आपला हात झटकन मागं घेतला आणि कागद फरशीवर पडले.